फर्नेसचा फ्यूज सारखा उडतोय. बोर्ड बदलू का?

गारठलेला | १५ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला आणि जमलं तर मला वाचवा.

शिकागोच्या पश्चिमेला आमचं घर आहे. बेसमेंटमध्ये गॅसचा फर्नेस, त्याच्याच डोक्यावर एसीचं कॉइल आणि बाहेर अंगणात कंडेन्सर, म्हणजे एसीचं बाहेरचं युनिट. हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार, दोन्ही हवा एकाच पंख्याने घरभर जाते. यंत्राचं वय १४ वर्षं.

५ तारखेला सकाळी उठलो तर घरात १५ अंश सेल्सिअस. थर्मोस्टॅटचा पडदा काळा. खाली जाऊन फर्नेसचं दार उघडलं, तर आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर मोटारीत असतो तसला जांभळा ३ अँपिअरचा फ्यूज जळलेला. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानातून पाचाचं पाकीट आणलं, एक बसवला, चालू. ८ ला परत उडाला. ९ ते १२ बहिणीचं कुटुंब राहायला आलं होतं, आम्ही धरून आठ माणसं, तेव्हा देवाच्या दयेने एकदाही गेला नाही. १२ च्या रात्री पाहुणे गेले आणि १३ च्या पहाटे फ्यूज गेला. काल संक्रांतीला दोनदा. आता पाकिटातला शेवटचा बसवलाय आणि देवापुढे दिवा लावलाय.

तंत्रज्ञ येऊन गेला. पाच-सात मिनिटं बघून म्हणाला, बोर्ड गेलाय, ८५० डॉलर. नाहीतर १४ वर्षांचं आहे, सगळंच नवीन घ्या. बाहेर उणे १२ आहे. मल्टीमीटर घरात आहे आणि तो कुठल्या बाजूने धरायचा एवढं मला कळतं. बोर्ड बदलू का?

सदाशिवपेठी | १५ जानेवारी, रात्री ९:५८

पंधरा अंशाला आम्ही पर्वती चढून येतो.

गारठलेला | १५ जानेवारी, रात्री १०:०५

@सदाशिवपेठी, या इकडे, पर्वतीसकट या.

चकली_मिशिगन | १५ जानेवारी, रात्री १०:२०

आमचंही अगदी असंच झालं होतं! तीन फ्यूज गेले. शेवटी कळलं की फर्नेसपासून बाहेरच्या युनिटकडे जी बारीक वायर जाते ना, थर्मोस्टॅटसारखीच, ती खारीने कुरतडली होती. भिंतीतून बाहेर येते तिथे आतली दोन्ही तांबी एकमेकांना चिकटली होती. पाच मिनिटांचं काम. बोर्ड अजिबात बदलू नका, आधी अंगणात जाऊन बघा.

ओहमकार | १५ जानेवारी, रात्री १०:४१

चकलीताई, खारीवर विनाकारण आळ घेताय. बाहेर जाणाऱ्या दोन तारा म्हणजे वाय आणि सी. वायवर २४ व्होल्ट येतात फक्त थर्मोस्टॅटने गारवा मागितला तर. जानेवारीत शिकागोत गारवा कोण मागतंय? वायवर वीजच नसेल तर बाहेर त्या दोघी कितीही मिठ्या मारोत, फ्यूजला पत्ता लागणार नाही.

नव्या लोकांसाठी: आर म्हणजे २४ व्होल्टची जिवंत तार, सी म्हणजे परतीची. थर्मोस्टॅट हा नुसता स्विच. आर डब्ल्यूला जोडला की गरम, वायला जोडला की गार, जीला जोडला की नुसता पंखा. बाकी सगळी जादू बोर्डात.

चकली_मिशिगन | १५ जानेवारी, रात्री १०:४४

पण आमचा गेला होता ना!

ओहमकार | १५ जानेवारी, रात्री १०:४५

महिना कोणता?

चकली_मिशिगन | १५ जानेवारी, रात्री १०:५२

जून.

ओहमकार | १५ जानेवारी, रात्री १०:५३

बस.

उंटावरचा_शहाणा | १६ जानेवारी, सकाळी ७:१५

३ चा टिकत नाही ना? मग १० चा टाका. लाल रंगाचा मिळतो, त्याच खाचेत बसतो. नाहीतर चॉकलेटची चांदी गुंडाळा. आमच्या आजोळी अख्खा वाडा तारेवर चालायचा.

मधुरा_एनजे | १६ जानेवारी, सकाळी ७:५०

हे घरगुती उद्योग करूच नका. गॅस आहे, वीज आहे, घरात लहान मुलं असतील. दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलवा, १०० डॉलर जातील फार तर. आमच्याकडे मी यूट्यूब बघून कुठलाही स्क्रू काढायचा नाही असा नवऱ्याला दंडक घातलाय.

जुना_वायरमन | १६ जानेवारी, सकाळी ८:३०

दहा अँपिअरचा सल्ला देणाऱ्यांना हात जोडून सांगतो, गमतीतसुद्धा लिहू नका. वाचणाऱ्यातला एखादा खरंच करतो. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार बांधायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. मीही बांधलीय, ऐन गणपतीत, मांडवात आरती थांबू नये म्हणून. आरती झाली. नंतर मीटरपेटीतून धूर आला तोही मीच विझवला.

नाशिकला आयटीआय केलं आणि तीस वर्षं कारखान्यांच्या देखभालीत गेली. मुलगी टेक्ससला असते, तिच्याकडे दोनदा राहून आलोय, तेव्हा असलं यंत्र उघडून बघितलंय. जावई मागे फोन हातात धरून उभे होते.

आता कामाचं. आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, १२० चे २४ व्होल्ट करणारा. बहुतेक वेळा ४० व्हीएचा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर ४०. ४० भागिले २४, म्हणजे जेमतेम १.६७ अँपिअर. त्याच्या पुढचा फ्यूज ३ चा. तिथे १० चा टाकला तर फ्यूज जगेल आणि ट्रान्सफॉर्मर मरेल, किंवा बोर्डावरची तांब्याची पट्टी उडेल. मग बोर्ड खरोखरच गेलेला असेल आणि तो ८५० वाला खरा ठरेल.

फ्यूज बोर्डावर बसलेला असतो म्हणून आळ बोर्डावर येतो. पण त्या २४ व्होल्टच्या तारा घरभर हिंडतात. थर्मोस्टॅट, बाहेरचं युनिट, गॅस व्हॉल्व्ह, दहा सेफ्टी स्विच. गोठ्यात दूध सांडलं म्हणून आधी गायच विकायची का?

आणि एकेक फ्यूज जाळून शोधू नका. आपल्याकडे वायरमन सिरीज दिवा लावतो तसाच इथे लावा. मोटारीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन बल्ब एकामागे एक जोडा, झाले २४ व्होल्ट. फ्यूज काढून त्याच्या दोन पायांच्या जागी ही जोडी लावा. सगळं ठीक असेल तर बल्ब बंद किंवा मिणमिणते. शॉर्ट असेल तर लख्ख पेटतील, आणि जळणार काहीच नाही, कारण बल्बच प्रवाहाला आवर घालतात. मग एकेक तार सोडवायची. जी सोडवल्यावर बल्ब विझतील ती चोर.

तारा हलवताना मुख्य स्विच बंद. गॅसचा वास आला तर हे सगळं टाकून घराबाहेर.

ओहमकार | १६ जानेवारी, सकाळी ८:४९

वायरमनकाकांना साष्टांग. ही बल्बवाली युक्ती अमेरिकेतले जुने लोकही करतात. हल्ली त्याजागी बटण दाबून परत चालू होणारा ३ अँपिअरचा छोटा ब्रेकर मिळतो, पण बल्बची मजा वेगळी.

मधुराताईंचं अर्धं पटतं. २४ व्होल्टच्या बाजूला जीव जात नाही, पण त्याच पेटीत १२० आहेत आणि बाहेरच्या युनिटात २४०. बाहेरचं झाकण काढायचं तर भिंतीवरचा डिस्कनेक्ट, म्हणजे वीज तोडणारा खटका, आधी ओढून काढायचा. आणि गॅस व्हॉल्व्हच्या नटाला पाना लावायचा नाही, मग तो कितीही खुणावो.

प्राजक्त७८ | १६ जानेवारी, दुपारी १२:१०

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमचा फर्नेस पेटतो, निळ्या ज्योती दिसतात आणि पाच सेकंदांत विझतो. परत पेटतो, परत विझतो. तीनचारदा झालं की रुसून बसतो. फ्यूज ठीक आहे. मिनेसोटा, उणे २२.

सदाशिवपेठी | १६ जानेवारी, दुपारी १२:१४

धाग्याचं अपहरण झालेलं आहे. खंडणी: एक जांभळा फ्यूज.

ओहमकार | १६ जानेवारी, दुपारी १२:४०

प्राजक्त, ९० टक्के फ्लेम सेन्सर. यंत्राचा क्रम समजला की आपोआप कळेल. थर्मोस्टॅटने हाक मारली की आधी इंड्युसर नावाचा छोटा पंखा धूर ओढायला लागतो. तो खरंच ओढतोय याची खात्री प्रेशर स्विच देतो. मग इग्नायटर लालबुंद होतो, मग गॅस सुटतो, ज्योत लागते. आता बोर्ड विचारतो, खरंच पेटली का? उत्तर देणारी एक पातळ धातूची काडी ज्योतीत घुसलेली असते. ज्योतीतून वीज वाहते, आणि एका दिशेने जास्त. अगदी मायक्रोअँपिअरमध्ये. तेवढी दिसली नाही तर बोर्ड समजतो की गॅस सुटलाय पण पेटला नाही, आणि व्हॉल्व्ह बंद करतो. बिचारा तुमचा जीव वाचवतोय.

त्या काडीवर नजरेला न दिसणारा थर बसतो. एक स्क्रू काढा, काडी बाहेर घ्या, बारीक स्टील वूलने हलकेच पुसा, परत लावा. खरखरीत पॉलिशपेपर नको, चरे पडले की पुन्हा लवकर थर धरतो. शेजारचा इग्नायटर मात्र बोटांनी शिवू नका, तो फार नाजूक असतो, टिचकीनेही तडकतो.

प्राजक्त७८ | १६ जानेवारी, दुपारी ३:०२

चालू!!! दहा मिनिटं. भांडी घासायची नवी तारेची घासणी वापरली, बायकोला सांगू नका.

मधुरा_एनजे | १६ जानेवारी, दुपारी ३:२०

चालू झालं ते चांगलंच, पण घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना? प्रत्येक मजल्यावर? १४ वर्षांच्या फर्नेसचा हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा भाग, तडकलेला असू शकतो, ते मल्टीमीटरला दिसत नाही. धागाकर्त्यांनाही विचारतेय.

गारठलेला | १६ जानेवारी, दुपारी ४:००

आहे, दोन्ही मजल्यांवर आणि बेसमेंटमध्ये. बॅटऱ्या आत्ताच तपासल्या. शेवटचा फ्यूज दुपारी दीडला गेला. आत्ता घर १६ वर आहे, मुलं सोलापुरी चादरीच्या आत शिरून टीव्ही बघतायत. इंडिकेटरचे बल्ब आणायला निघालोय.

वऱ्हाडी_ठेचा | १६ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

काय करून राहिले भाऊ तुम्ही! आमच्या नागपुरात मे महिन्यात ४५-४६ असते, तेव्हा कूलरची मोटर गेली की असेच हाल. कूलरमधे बिघडायले आहेच काय बाप्पा, एक पंप, एक मोटर, एक कपॅसिटर, अन् वाळ्याची ताटी. तुमच्या त्या बोर्डाचे नाव काढले की माझे डोके गरम होते. तुम्हाले गरमच पाहिजे म्हणा.

कपॅसिटरवरून आठवलं. मागच्या मे मधे आमचा स्प्लिट एसी नुसता घूं घूं करे, बाहेरचा पंखा फिरे नाही. मेकॅनिकनं काडीनं पातं ढकललं अन् फिरला. म्हणे कपॅसिटर गेला. नवीन लावला, आजपर्यंत चालू आहे. एसीची बिमारी म्हणजे आधी कपॅसिटर, मग बाकी.

ओहमकार | १६ जानेवारी, संध्याकाळी ५:५५

अमेरिकेतही उन्हाळ्यातल्या तक्रारींत कपॅसिटरचा नंबर फार वर आहे. अंगावर ३५/५ किंवा ४५/५ असं लिहिलेलं असतं, मोठा आकडा कॉम्प्रेसरचा, छोटा पंख्याचा, दोन्ही मायक्रोफॅरडमध्ये. डोकं फुगलेलं दिसलं तर मोजायचीही गरज नाही. पण काडी घालू नका हो, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भरलेली असते, ती उतरवल्याशिवाय हात लावायचा नाही. गॅस भरणं तर आपल्या हातात नाहीच. रेफ्रिजरंट हाताळायला इथे पर्यावरण खात्याचं सेक्शन ६०८ चं प्रमाणपत्र लागतं.

सदाशिवपेठी | १६ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

फर्नेसला मराठीत शब्द नाही का? भट्टी म्हणायला काय हरकत आहे?

वऱ्हाडी_ठेचा | १६ जानेवारी, संध्याकाळी ६:१२

बेसमेंटमधे भट्टी आहे म्हणाल तर पोलीस येतील ना भाऊ.

गारठलेला | १७ जानेवारी, सकाळी ११:०५

अहवाल सादर करतो.

फ्यूजच्या जागी दोन बल्ब. थर्मोस्टॅटच्या सगळ्या तारा आणि बाहेरच्या युनिटच्या दोन्ही तारा बोर्डावरून सोडवल्या. मुख्य स्विच चालू: बल्ब विझलेले. मग तारेच्या तुकड्याने आर आणि डब्ल्यू जोडले. इंड्युसर घुमायला लागला आणि त्याच क्षणी बल्ब लख्ख. बोर्डाची वीज गेली, इंड्युसर थांबला, बल्ब विझले, बोर्ड जागा झाला, इंड्युसर परत सुरू, बल्ब लख्ख. गणपतीच्या मखरासारखी उघडझाप चालली होती. मुलगा म्हणाला, बाबा, हे असंच ठेवू या.

म्हणजे थर्मोस्टॅट सुटला, त्याची वायर सुटली आणि चकलीताई, क्षमस्व, खारही सुटली. जे काय आहे ते फर्नेसच्या पेटीत. मग बोर्डच ना?

अजून एक शंका. सोडवलेल्या वाय आणि सी तारांमध्ये मीटर लावला तर १२ ओहम दाखवतो. २४ भागिले १२ म्हणजे २ अँपिअर. काकांच्या हिशोबाने ट्रान्सफॉर्मर १.६७ चा. मग एसी आजवर चालला कसा?

ओहमकार | १७ जानेवारी, सकाळी ११:३०

छान प्रश्न, आणि यातच भलेभले फसतात. ते १२ ओहम म्हणजे बाहेरच्या कॉन्टॅक्टरचं, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचचं कॉइल. मीटर मोजतो तो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा रोध. यंत्रात मात्र एसी वीज असते, सेकंदाला १२० वेळा दिशा बदलणारी, आणि कॉइल त्याला आणखी बराच विरोध करतं. त्यामुळे प्रत्यक्षात २ अँपिअरच्या कितीतरी खाली प्रवाह जातो. दहा-वीस ओहम दिसले तर कॉइल निरोगी समजा. एक-दोन ओहम दिसले तर काळजी करा.

तुमचं कॉइल ठीक, बाहेरची वायरही ठीक.

चकली_मिशिगन | १७ जानेवारी, सकाळी ११:४१

खार अजून भेटायची आहे तुम्हाला. लिहून ठेवा.

जुना_वायरमन | १७ जानेवारी, दुपारी १२:००

बोर्ड अजूनही नाही. इंड्युसर सुरू होताना बोर्ड आणखी कोणाला २४ व्होल्ट देतो ते बघा. प्रेशर स्विचच्या तारा कुठे पत्र्याच्या धारेला घासल्यात का? इंड्युसर थरथरला की तार पत्र्याला टेकते. बॅटरी घेऊन प्रत्येक तार बोटाने फिरवून बघा. घाई नको.

गोधडी | १७ जानेवारी, दुपारी १२:२५

मला विजेतलं काही कळत नाही, मी शाळेत गणित शिकवायचे. पण पहिल्यापासून एक गोष्ट खटकतेय आणि कोणी विचारत नाहीये. ९ ते १२ फ्यूज का गेला नाही? त्या चार दिवसांत थंडी कमी होती का?

गारठलेला | १७ जानेवारी, दुपारी १२:३३

नाही हो, तेव्हाही उणे दहाच्या आसपासच होतं. फर्नेस दिवसरात्र चालू होता. योगायोग, दुसरं काय.

गोधडी | १७ जानेवारी, दुपारी १२:४०

आठ माणसं घरात. आंघोळी, कुकर, इडल्या, चहाचं आधण. खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी धरलं होतं का?

गारठलेला | १७ जानेवारी, दुपारी १२:४४

धरलं होतं! पोरांनी बोटाने नावं लिहिली होती. पण त्याचा काय संबंध?

गोधडी | १७ जानेवारी, दुपारी १२:५५

आमच्या फर्नेसच्या शेजारी डक्टवर एक खोका आहे, त्यात पाण्याची बारीक नळी जाते. हिवाळ्यात हवा कोरडी पडली की तो पाणी सोडून हवा दमट करतो. हवा आधीच दमट असेल तर तो गप्प. मिस्टर त्याचं डायल ३५ वर ठेवतात. तुमच्याकडे आहे का तसं काही?

गारठलेला | १७ जानेवारी, दुपारी १२:५६

थांबा.

ओहमकार | १७ जानेवारी, दुपारी १:०१

अरे देवा. ह्युमिडिफायर. आणि मी इथे इम्पिडन्सची, कॉइलच्या त्या विरोधाची, शिकवणी घेत बसलोय.

जुना_वायरमन | १७ जानेवारी, दुपारी १:०४

बाई, तुम्ही आयटीआयला यायला हवं होतं.

गारठलेला | १७ जानेवारी, दुपारी ३:१८

आहे!

घर घेतलं तेव्हापासून आहे आणि मी त्याला फर्नेसचाच भाग समजत होतो. खोक्यावर पाणी सोडणारा, विजेच्या कॉइलने उघडणारा छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, त्याच्यावर पांढरा क्षार मिठागरासारखा साचलेला. नळीच्या जोडातून थेंब थेंब पाणी बरोबर कॉइलवर पडत होतं. दोन तारा तिथून निघून बोर्डाच्या कोपऱ्यात ह्युमिडिफायरच्या टर्मिनलला आणि सीला. तारा सोडवून कॉइल मोजलं: १.८ ओहम.

ती तार काढून टाकली. बल्ब लावलेलेच होते, आर-डब्ल्यू परत जोडले. बल्ब मिणमिणले, विझले नाहीत आणि पेटलेही नाहीत, इंड्युसर फिरत राहिला. मग बल्ब काढून नवा फ्यूज घातला. इग्नायटर लाल, गॅस, ज्योत, पाऊण मिनिटाने मोठा पंखा. गेले दोन तास चालू आहे. घर १९ वर, चादरी घडी करून कपाटात.

पाहुणे असेपर्यंत हवा दमट, ह्युमिडिफायर गप्प, फ्यूज शाबूत. पाहुणे गेले, हवा कोरडी झाली, डायलने हाक मारली, फ्यूज ठार. बहिणीला सांगितलं तर म्हणते, मग आम्ही परत येतो.

गोधडी, तुमच्यामुळे ८५० डॉलर वाचले. बोर्डाला हातही लावला नाही.

गोधडी | १७ जानेवारी, दुपारी ३:३५

मी फक्त तारखा बघितल्या.

मधुरा_एनजे | १७ जानेवारी, दुपारी ३:५०

माझा दंडक थोडा शिथिल करावा लागेल असं दिसतंय. नवऱ्याला हा धागा दाखवलेला नाही.

उंटावरचा_शहाणा | १७ जानेवारी, संध्याकाळी ७:००

१० चा टाकला असता तर सोलेनॉइडच जळून मोकळा झाला असता, आणि प्रश्न सुटला असता.

जुना_वायरमन | १७ जानेवारी, संध्याकाळी ७:०२

तुम्ही उंटावरच बसा.

गारठलेला | २४ जानेवारी, रात्री ८:१०

नवीन सोलेनॉइड लावला, गळणारा जोड बदलला, आतला क्षाराने भरलेला पॅडही. नव्या कॉइलचा रोध जुन्याच्या कितीतरी पट आहे. आठ दिवस फ्यूज तोच. आता हवा दमट आहे आणि ओठ फुटत नाहीत, हा वरचा फायदा.

गारठलेला | १७ मे, संध्याकाळी ६:३०

मंडळी, धागा वर काढतोय. आज ३१ अंश. मोसमात पहिल्यांदा एसी लावला. थर्मोस्टॅट काळा. फ्यूज.

चकली_मिशिगन | १७ मे, संध्याकाळी ६:३१

अंगणात जा.

गारठलेला | १७ मे, संध्याकाळी ७:१५

वाय आणि सी मोजल्या, ०.४ ओहम. अंगणात गेलो. वायर भिंतीतून बाहेर येते तिथे वीतभर आवरण गायब, दोन्ही तांबी एकमेकींच्या गळ्यात. खाली मातीत प्लास्टिकचे बारीक तुकडे पडलेत आणि समोरच्या मेपलवर ती बसून माझ्याकडे बघतेय.

ओहमकार | १७ मे, संध्याकाळी ७:२२

नोंद असावी की जानेवारीत तिथे १२ ओहम होते, म्हणजे तेव्हा वायर शाबूत होती आणि माझं म्हणणं बरोबर होतं. खार नंतर आली.

चकली_मिशिगन | १७ मे, संध्याकाळी ७:२४

महिना कोणता?

ओहमकार | १७ मे, संध्याकाळी ७:३०

मे.

चकली_मिशिगन | १७ मे, संध्याकाळी ७:३१

बस.

गारठलेला | १८ मे, दुपारी २:००

नवी वायर टाकली, भिंतीपासून युनिटपर्यंत लवचीक पाइपातून नेली. डिस्कनेक्ट आधी ओढला होता, ओहमकार. घरात २४, बाहेर ३२. काका, ते दोन बल्ब फेकले नाहीत, फर्नेसच्या दाराला आतून टेपने चिकटवून ठेवलेत.

वऱ्हाडी_ठेचा | १८ मे, दुपारी २:२०

३२ ले एसी?

सदाशिवपेठी | १८ मे, दुपारी २:२२

बत्तिसाला आम्ही पर्वती चढून येतो.